खेळविटांच्या मालमोटारी

परस्परांत अडकून घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या छोट्या विटा व त्यांना जुळणारे इतर घटक जोडून तयार केलेल्या, प्रत्यक्षातील मालमोटारींच्या तपशीलवार प्रतिकृती. हा छंद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोपात, मुख्यतः डेन्मार्कमधील लेगो या उद्योगसंस्थेच्या विटांच्या आधारे विकसित झाला. लाकूड किंवा पत्रा यांपासून प्रतिकृती घडविणारा कारागीर साहित्याला हवा तो आकार देऊ शकतो. खेळविटांच्या बाबतीत घटकांचे आकार कारखान्यातच ठरलेले असतात. रचनाकाराला त्यांची केवळ निवड व मांडणी करता येते. काटकोनी घटकांपासून वक्र चालककक्ष, जाळी, इंधनटाकी, धुराडे व चौकट यांचा भास निर्माण करणे, आणि तसे करताना सुकाणू व गतिप्रेषण यांसारख्या यंत्रणाही चालत्या ठेवणे, ही या प्रकारातील खरी कसोटी होय.

पूर्वपीठिका : रचनात्मक खेळण्यांची परंपरा विटांहून जुनी आहे. हवेत तरंगणाऱ्या विमानांचा आद्य प्रयोगकर्ता ऑटो लिलिएंटाल व त्याचा भाऊ गुस्टाफ यांनी कृत्रिम दगडाचे खेळठोकळे तयार केले होते. १८८० च्या सुमारास ते जर्मनीतील रिख्टर या उद्योजकाकडे गेले व ‘अँकर’ या नावाने प्रसिद्ध झाले. यांत्रिक रचनेची दिशा मात्र इंग्लंडमधील फ्रँक हॉर्नबी याने दाखविली. भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या, नट-बोल्ट, दांडे व दंतचक्रे यांच्या संचासाठी त्याने १९०१ मध्ये एकस्व घेतले. हाच संच पुढे ‘मेकॅनो’ या नावाने जगभर पसरला. यारी, आगगाडीचे एंजिन व मोटारगाडीची चौकट यांच्या चालत्या प्रतिकृती हे मेकॅनोचे मोठे आकर्षण होते. ठोकळ्यांमुळे घनाकार मिळे, पण गती मिळत नसे. पट्ट्यांमुळे गती मिळे, पण वाहनाचे अंग उघडेच राही. मालमोटारीच्या प्रतिकृतीस या दोन्ही गुणांची गरज असल्याने तिचा विकास दोन्ही परंपरा एकत्र येईपर्यंत होऊ शकला नाही.

विटेचा उगम : डेन्मार्कमधील बिलुंड या खेड्यातील सुतार ओले कीर्क क्रिस्तियानसेन (१८९१–१९५८) याने मंदीच्या काळात, १९३२ मध्ये, लाकडी खेळणी बनविण्यास सुरुवात केली. ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची आद्याक्षरे जोडून त्याने आपल्या व्यवसायास ‘लेगो’ हे नाव दिले. त्याच्या लाकडी खेळण्यांत मालमोटारीही होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने प्लॅस्टिक ओतण्याचे यंत्र विकत घेतले आणि १९४९ मध्ये चार व आठ खुंट्यांच्या पोकळ विटा बाजारात आणल्या.

या विटांची मूळ कल्पना त्याची नव्हती. इंग्लंडमधील किडिक्राफ्ट या संस्थेचा संस्थापक हिलरी फिशर पेज याने अडकणाऱ्या ठोकळ्यांचे एकस्व १९४० मध्ये मिळविले होते व १९४७ मध्ये आपल्या विटा विक्रीस आणल्या होत्या. त्यांचा नमुना बिलुंडला पोहोचला होता आणि पहिल्या डॅनिश विटा त्याच्याशी निकटचे साम्य राखून होत्या. पेज १९५७ मध्ये मरण पावला. किडिक्राफ्टच्या विटांचे हक्क लेगोने १९८१ मध्ये विकत घेतले.

प्रारंभीच्या पोकळ विटा नीट धरत नसत. उंच रचना थोड्याशा धक्क्यानेही ढासळे. ओले कीर्कचा मुलगा गोटफ्रेड (१९२०–९५) याने विटेच्या पोकळीत नळ्या बसविण्याची युक्ती काढली व २८ जानेवारी १९५८ रोजी तिच्या एकस्वासाठी अर्ज केला. वरच्या विटेच्या नळ्या व भिंती यांच्यामध्ये खालच्या विटेच्या खुंट्या आवळल्या जात असल्यामुळे जोड घट्ट बसू लागला, तरी हाताने सहज सुटू लागला. १९६३ पासून सेल्युलोज ॲसिटेटऐवजी ॲक्रिलोनायट्राइल-ब्युटाडाइन-स्टायरीन हे अधिक टणक व आकार टिकविणारे प्लॅस्टिक वापरात आले. परिणामी १९५८ नंतरची वीट आजच्या विटेवरही बसते. अनेक दशकांचे घटक एकाच प्रतिकृतीत वापरता येणे हा या छंदाचा भौतिक पाया आहे.

चाके व वाहने : १९५५ च्या नगररचनेच्या खेळात रस्ते व घरे विटांची होती, त्यांवरून धावणारी वाहने मात्र १ : ८७ प्रमाणातील अखंड ओतीव खेळणी होती. वाहन हे विटांनी बांधण्याची वस्तू आहे, हा विचार रुजला तो १९६२ मध्ये रबरी धावेचे चाक आल्यावर. त्यानंतर चाकांना इतके महत्त्व आले, की २०११ या एका वर्षात या संस्थेने ३१ कोटींहून अधिक छोट्या धावा बनविल्या आणि संख्येच्या दृष्टीने जगातील सर्वांत मोठी धावा-उत्पादक म्हणून तिची नोंद झाली. सुरुवातीच्या विटांच्या मालमोटारी ठोकळेबाज होत्या. १९७८ मध्ये हातपाय हलणारी छोटी बाहुली आल्यावर वाहनांचे माप तिच्यावरून ठरू लागले. अशा मालमोटारीची रुंदी चार ते सहा खुंट्यांइतकीच असे व तीत तपशिलास फारसा वाव नसे.

यंत्रणेचा मार्ग १९७७ मध्ये खुला झाला. भोकांच्या तुळया, फुलीच्या छेदाचे दांडे व दंतचक्रे असलेल्या या संचांत मोटारगाडीची चौकट, ट्रॅक्टर व उचलयंत्र यांचा समावेश होता. हीच मालिका पुढे ‘टेक्निक’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मेकॅनोतील पट्टी व भोक यांचे तत्त्व येथे विटेच्या मापात बसविले गेले आणि वर उल्लेखिलेल्या दोन परंपरा एकत्र आल्या. १९८४ मध्ये हवेच्या दाबावर चालणारे दट्ट्ये आले आणि यारी व उलटी होणारी हौद यांच्या प्रतिकृती शक्य झाल्या. हवेच्या दाबाने चालणाऱ्या चिमट्याची मालमोटार १९९२ मध्ये, तर पट्टीसंकेत वाचून तदनुसार हालचाल करणारी मालमोटार १९९७ मध्ये आली.

बाह्यरूपाच्या बाजूने निर्णायक पाऊल १९८६ मधील ‘मॉडेल टीम’ या मालिकेने टाकले. तीत बाहुलीचे माप सोडून देण्यात आले. अमेरिकन धर्तीची लांब नाकाची मालमोटार, तिचे चकचकीत धुराडे, झोपण्याचा कक्ष, उघडणारे दरवाजे व झाकणाखालचे एंजिन ही सारी प्रामुख्याने साध्या विटांतून उभी केलेली होती. १९९६ मधील काळ्या रंगाची मोठी मालमोटार हा या मालिकेतील सर्वांत गाजलेला संच. आजच्या प्रौढ रचनाकारांपैकी अनेकांनी आपले मापदंड या मालिकेवरून घेतले.

प्रमाण व मापे : खेळविटेची सर्व मापे एका जाळीत बसतात. दोन खुंट्यांच्या मध्यांतील अंतर ८ मिमी., विटेची उंची ९·६ मिमी. व पातळ पट्टीची उंची ३·२ मिमी. असते. म्हणजे तीन पट्ट्यांची उंची एका विटेइतकी भरते. तसेच पाच पट्ट्यांची उंची दोन खुंट्यांच्या अंतराइतकी, म्हणजे १६ मिमी., होते. हे दुसरे समीकरण रचनातंत्राच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे.

प्रतिकृतीचे प्रमाण रचनाकार मुक्तपणे ठरवू शकत नाही. ते चाकावरून ठरते. विटा कितीही जोडता येतात, परंतु धावा मोजक्याच व्यासांत मिळतात. यूरोपीय मालमोटारीच्या नेहमीच्या धावेचा व्यास सु. १·०८ मी. असतो व वाहनाची कमाल रुंदी २·५५ मी. असते. ४९·६ मिमी. व्यासाची धाव घेतल्यास प्रमाण सु. १ : २२ येते व वाहनाची रुंदी ११·६ सेंमी., म्हणजे साधारण १५ खुंट्या, भरते. ४३·२ मिमी.ची धाव घेतल्यास प्रमाण १ : २५ व रुंदी सु. १३ खुंट्या होते; ६२·४ मिमी.ची घेतल्यास प्रमाण १ : १७ च्या जवळपास जाऊन रुंदी १८ खुंट्यांच्या पुढे जाते. १५ हा विषम आकडा सोयीचा ठरतो, कारण मध्यावर एक खुंटी राहते व मुख्य दांडा तिच्यातून नेता येतो. १ : २२ प्रमाणात १६·५ मी. लांबीचे यूरोपीय जोडवाहन ७५ सेंमी. लांबीचे, तर स्वीडन व फिनलंड येथील २५·२५ मी. लांबीचे वाहन सु. १·१५ मी. लांबीचे होते.

प्रतिकृतीसाठी निवडल्या जाणाऱ्या वाहनांच्या आकारामागेही वाहतुकीचा इतिहास आहे. यूरोपात कायद्याने वाहनाच्या एकूण लांबीवर मर्यादा घातल्यामुळे एंजिनावर बसविलेला चपट्या तोंडाचा चालककक्ष रूढ झाला. अमेरिकेत १९८२ च्या संघीय कायद्याने राष्ट्रीय महामार्गांवरील जोडवाहनांच्या बाबतीत एकूण लांबीऐवजी मागील गाडीच्या लांबीचा विचार सुरू केला; त्यामुळे लांब नाकाच्या मालमोटारींचे प्राबल्य वाढले. पहिल्या प्रकारात मोठा सपाट दर्शनी भाग व पुढे कलणारा कक्ष, तर दुसऱ्यात वक्र झाकण व उघडी धुराडी ही रचनाकारापुढील आव्हाने असतात.

रचनातंत्र : खुंट्या सदैव वर राखून केलेल्या रचनेत उतार व वक्रता पायऱ्यांसारखी दिसते. म्हणून कुशल रचनाकार विटा आडव्या किंवा उलट्या बसवितात. बाजूस खुंटी असलेल्या विटांमुळे हे साधते. १९८० च्या सुमारास मुख्यतः वाहनाचा दिवा बसविण्यासाठी तयार केलेली अशी एक वीट पुढे या तंत्राचे प्रमुख साधन बनली. पाच पट्ट्या म्हणजे दोन खुंट्या हे समीकरण पाळल्यास आडवा थर उभ्या थराशी फटीविना जुळतो. पुढील जाळीचे आडवे गज, दरवाज्यावरील रंगपट्टे व काचेभोवतीची चौकट यांसाठी हे तंत्र वापरतात. एकाच खुंटीची पट्टी मध्यभागी वापरून अर्ध्या खुंटीचे, म्हणजे ४ मिमी.चे, सरकण मिळविता येते. कलते पृष्ठभाग बिजागरीच्या घटकांवर तोलून धरतात. दोन आठ-खुंटी विटाही अनेक प्रकारे जुळू शकतात. एकाच रंगाच्या सहा विटांच्या भिन्न जुळण्यांची संख्या ९१,५१,०३,७६५ भरते, असे गणितज्ञांनी दाखवून दिले आहे. इतक्या विपुलतेतून एखाद्या विशिष्ट मालमोटारीच्या ओळखीच्या रेषा पकडणारी मांडणी शोधणे हे चिकाटीचे काम आहे.

बाहेरून दिसणाऱ्या कवचाच्या आत भार पेलणारी चौकट असते. लांब प्रतिकृती मध्यावर वाकू नये म्हणून दोन समांतर तुळया आडव्या घटकांनी व खिळ्यांनी जखडाव्या लागतात. खुंट्यांवरच्या जोडाला दाब सोसतो, पण ओढ सोसत नाही. म्हणून ओढ येणाऱ्या ठिकाणी भोके व खिळे यांचा जोड वापरतात.

यंत्रणा : सुकाणू, स्प्रिंगांचे आलंबन, डिफरन्शियल, उचलता येणारे आस व जोडगाडी अडकविण्याची फिरती बैठक या सामान्यतः बसविल्या जाणाऱ्या यंत्रणा होत. दोन सुकाणू-आस असलेल्या वाहनात दुसऱ्या आसाची चाके पहिल्यापेक्षा कमी वळली पाहिजेत. त्यासाठी तरफांच्या लांबीत फरक ठेवतात. मोटरचा वेग कमी करण्यासाठी मळसूत्री दंतचक्र २४ दात्यांच्या चक्राशी जोडल्यास २४ : १ हे गुणोत्तर मिळते, मात्र अशी जोडणी उलट फिरत नाही व घर्षणही वाढते. ताशी ८० किमी. वेगाने जाणाऱ्या मालमोटारीचा वेग १ : २२ प्रमाणात सेकंदास सु. १ मी. येतो. वजन मात्र प्रमाणाच्या घनानुसार बदलते. ४० टनांच्या भारित वाहनाचे वजन या प्रमाणात सु. ३·७५ किग्रॅ. होते. बारीक प्लॅस्टिकचे आस व दंतचक्रे यांच्यावर एवढा भार पडल्यास ती पिळली जातात. म्हणून देखणेपणा, वजन व चलनशक्ती या तिहींत रचनाकाराला तडजोड करावी लागते.

दूरनियंत्रणाची अवरक्त किरणांवर चालणारी प्रणाली २००७ मध्ये व रेडिओसंपर्कावर चालणारी अधिक प्रगत प्रणाली २०१९ मध्ये टेक्निक मालिकेत आली. वाहन-उत्पादकांच्या परवान्याने काढलेल्या संचांमुळे खेळणे व प्रतिकृती यांतील अंतर आणखी कमी झाले. मर्सिडीझ-बेंझच्या युनिमॉगचा २,०४८ घटकांचा संच २०११ मध्ये, त्याच संस्थेच्या आरॉक्स या मालमोटारीचा २,७९३ घटकांचा संच २०१५ मध्ये, तर मॅक अँथेमचा २,५९५ घटकांचा संच २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रौढांचा छंद : प्रारंभी कारखाना मुलांसाठीच विटा बनवीत असे. त्यांचा गंभीर वापर करणारे प्रौढ १९९० नंतर संगणकीय जाळ्यामुळे एकमेकांच्या संपर्कात आले. ऑस्ट्रेलियातील जेम्स जेसिमन याने १९९५ मध्ये ‘एलड्रॉ’ ही प्रणाली तयार केली. तिच्यामुळे विटांची रचना संगणकावर करून पायरीवार आराखडे काढता येऊ लागले. जेसिमन १९९७ मध्ये अल्पवयात निवर्तला. त्याने सुरू केलेला घटकांचा संग्रह स्वयंसेवकांनी वाढवीत नेला. सुटे घटक विकण्याची ‘ब्रिकलिंक’ ही पेठ २००० मध्ये सुरू झाली व २०१९ मध्ये लेगोने ती विकत घेतली. एका मालमोटारीसाठी एकाच रंगाचे शेकडो घटक लागतात. ते पूर्वी अनेक संच फोडूनच मिळवावे लागत. या पेठेमुळे ते देशोदेशींच्या विक्रेत्यांकडून मागविता येऊ लागले. अवजड वाहतुकीची मोठी परंपरा असलेल्या नेदर्लंड्स, जर्मनी व स्वीडन या देशांत मालमोटारींचे रचनाकार विशेष आढळतात. अनेकजण एखाद्या वाहतूक-व्यवसायाच्या प्रत्यक्ष वाहनाची रंगसंगतीसह प्रतिकृती करतात.

या मंडळींत शुद्धतेचा वाद जुना आहे. वीट कापणे, रंगविणे किंवा चिकटविणे निषिद्ध मानणारा एक पक्ष आहे. त्याच्या मते घटकांची अपरिवर्तनीयता हीच या कलेची अट असून ती मोडल्यास उरते ती सामान्य प्रतिकृती. दुसरा पक्ष छापील पट्ट्या, क्रोमचा मुलामा दिलेले घटक व अन्यत्र बनविलेल्या धावा वापरतो आणि साध्य वाहनाशी साम्य आहे, साधन नव्हे, असे मानतो. बहुतेक रचनाकार या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतात.

उद्योगातील पेचप्रसंग : रचनाकार एकाच कारखान्याच्या साच्यांवर अवलंबून असल्यामुळे तेथील निर्णयांचे परिणाम त्यास भोगावे लागतात. १९९० नंतर विशिष्ट उपयोगाचे मोठे घटक वाढत गेले. त्यांनी काम सोपे केले, पण रचनेचे स्वातंत्र्य कमी केले आणि साच्यांचा खर्चही वाढविला. २००३ व २००४ मध्ये संस्थेस मोठा तोटा झाला. २००४ मध्ये यर्गन विग क्नुडस्टॉर्प मुख्याधिकारी झाल्यावर घटकांची संख्या मोठ्या प्रमाणावर घटविण्यात आली व बहुउपयोगी विटेकडे पुन्हा लक्ष वळले. त्याच सुमारास राखाडी व तपकिरी या रंगांच्या छटा बदलण्यात आल्या. चौकट, इंधनटाकी व चाके यांसाठी राखाडी घटकांचा साठा करून ठेवलेल्या प्रौढांनी याविरुद्ध तीव्र नापसंती व्यक्त केली, कारण जुने व नवे घटक शेजारी बसविल्यास फरक उघड दिसे. ग्राहकवर्ग म्हणून प्रौढांचे अस्तित्व या प्रसंगाने ठळक झाले.

स्वामित्वाचे प्रश्न : मूळ एकस्वाची मुदत १९७८ पासून देशोदेशी संपू लागली व जुळणाऱ्या विटा बनविणारे इतर उत्पादक पुढे आले. विटेच्या आकारावर कायमचा हक्क मिळविण्याचे लेगोचे प्रयत्न कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये व यूरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये अमान्य केले. एखाद्या आकाराची गरज तांत्रिक कार्यासाठी असेल, तर त्याला व्यापारचिन्हाचे संरक्षण देता येत नाही, असे या निर्णयांचे सार आहे. पेजच्या कल्पनेवर उभ्या राहिलेल्या उद्योगास शेवटी तीच कल्पना सर्वांसाठी मोकळी झालेली पाहावी लागली.

रचनेच्या हक्काचा प्रश्न याहून वेगळा आहे. वीट सर्वांची झाली, तरी तिच्यापासून केलेली मालमोटार ही रचनाकाराची निर्मिती असते. २०१५ नंतर चीनमधील काही उत्पादकांनी लेगोच्या संचांबरोबर स्वतंत्र रचनाकारांच्या आराखड्यांचीही नक्कल करून संच विकले. ‘लेपिन’ या नावाने चाललेल्या अशा धंद्यावर शांघाय पोलिसांनी २०१९ मध्ये छापे घातले व पुढील वर्षी संबंधितांना शिक्षा झाल्या. वर्षभराच्या श्रमातून सिद्ध झालेला आराखडा कोणीही काही तासांत उतरवू शकतो, ही या छंदातील अडचण मात्र त्यामुळे संपलेली नाही. अनेक रचनाकार आता आपले आराखडे स्वतः विकतात किंवा उत्पादकांशी करार करतात.

महत्त्व : संग्रहालयांत मोटारगाड्या जतन केल्या जातात, मालमोटारी मात्र झिजेपर्यंत वापरून मोडीत काढल्या जातात. आस्थेने केलेली प्रतिकृती अशा वाहनाची बांधणी, आसांची मांडणी, रंगसंगती व सामग्री यांची एक नोंद ठरते. स्कॅनियाच्या लांब नाकाच्या मालमोटारींसारख्या, उत्पादन थांबलेल्या वाहनांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. अर्थात प्रमाण चाकावरून ठरत असल्याने व रंग मोजकेच असल्याने अशी नोंद मापांच्या दृष्टीने नेहमीच सदोष राहते. यंत्रशिक्षणातील तिचा उपयोग अधिक निर्विवाद आहे. गुणोत्तर, तरफ, पीळ व भारवितरण या संकल्पना प्रतिकृती बांधताना हाताला प्रत्यक्ष जाणवतात, आणि चूक झाल्यास रचना सोडवून त्याच विटांनी पुन्हा बांधता येते. [⟶ खेळणी].